पुलापर्यंतची पायवाट

मी, सहदेव बिन पोशा भोईर, वय अंदाजे अठ्ठेचाळीस, धंदा शेती व गावाचे अर्ज फुकट लिहून देणे, राहणार मौजे पळसवाडी, नजीक नेरळ, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहितो. कोणाचे दडपण नाही. बायको मैना शेजारी बसली आहे, पण ते नेहमीचेच. मरण्याचा विचार नाही; मात्र सायकल शिकतो आहे, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

कलम १. राहते घर, गोठा, बैलजोडी व भांडी मैनेची. "आता तुला कशाला हवं?" असे तिला कोणी विचारू नये. विचारल्यास ती उत्तर देईल, आणि ते त्याला सोसणार नाही.

कलम २. सायकल. ही माथेरानच्या एका पारशी हॉटेलवाल्याने तांदळाच्या बदल्यात माझ्या गळ्यात घातली, कारण तिथल्या चढावर त्याचा दम तिच्याआधी संपे. गावोगाव पायी फिरून बाळंतपणे करणाऱ्या बायजा सुईणीला ती द्यावी असे मनात होते. विचारले तर म्हणाली, "त्याला पुढं बैल नाय, मागं गाडीवान नाय. मी नाय बसायची रं बाबा." सबब सायकल चुलतभाऊ नामा यास. तो पडेल तेव्हा पाहायला मी नसेन, एवढेच दुःख.

कलम ३. पुलासमोरचे भाताचे खाचर. याची हकीकत लिहिणे भाग आहे. सरकारी पैशातून आमच्या ओढ्यावर दगडी पूल मंजूर झाला. पायी चालणाऱ्यांसाठी पैसा आलेला गावाने प्रथमच पाहिला, त्यामुळे गाव बावचळले. मोजणीच्या दिवशी जो तो म्हणे, "पूल पायजेच, पन वाट माझ्या खाचरातनं नको. जरा पलीकडं सरकवा." असा सरकत सरकत पूल माझ्या खाचरासमोर येऊन थांबला, कारण त्या दिवशी मी माथेरानला होतो. पूल उत्तम झाला. त्याला दोन टोके आहेत. आमच्या टोकाला वाट तेवढी नाही. तिथे नामाने, जो माझे खाचर अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, करतो, वाल पेरून बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले आहे. सध्या पुलावर लोक वैरण वाळवतात आणि पुलाखालून पाण्यातून जातात.

सबब माझ्या पश्चात बांधालगतची पट्टी पायवाटेसाठी गावाला द्यावी, उरलेले खाचर नामास. म्हणजे भांडण होईल ते मी गेल्यावर, आणि मला ऐकू येणार नाही.

इथवर लिहून साक्षीदारांना वाचून दाखवले. एक नामा, दुसरी बायजा. ती नुकतीच ओढा उतरून आली होती व लुगड्याचा काठ पिळत होती.

मैना म्हणाली, "म्हंजे तुमी मरेपातूर लोकांनी पान्यातनंच जायाचं? मंग लवकर मरा तरी!"

नामा म्हणाला, "वैनी, दादाला कशाला मारता? पट्टी गेली तर मी वाल कुठं पेरू? गाव इतकी वर्सं पान्यातनं गेलं, अजून जाईल."

बायजाने काठ सोडला. "नामा, तुझ्या सुनंचं दिवस आषाढात भरतात नं रं? तवा वढा छातीच्या वर आसतो. ती अल्याड, मी पल्याड. त्या पोराला सांग, कुपान निघंतवर थांब म्हनावं."

नामा कोयता घेऊन उठला. त्याला कोणीही उठ म्हटले नव्हते, हे मी शुद्धीवर असल्यामुळे नमूद करतो. मीही मागोमाग गेलो.

सबब कलम ३ रद्द. पट्टी आजच, जिवंतपणी दिली. तिच्यावर मुरूम टाकून मिळावा म्हणून लोकल बोर्डाला वेगळा अर्ज केला आहे. उरलेले खाचर नामाचेच, पण त्यासाठी त्याने थांबावे. मला घाई नाही.

कलम ४. ज्या ज्या गृहस्थांनी पूल पलीकडे सरकवला, त्यांनाही या वाटेने जाऊ द्यावे. खुशाल मला शिव्या देत जावे, पण पायी जावे.

याउपर माझे काही म्हणणे राहिले तर ते मी समक्ष सांगेन.

मुक्काम पळसवाडी, माघ शुद्ध दशमी, शके १८२७.

सही: सहदेव बिन पोशा भोईर, दस्तुरखुद्द.

साक्ष: बायजा सुईण. निशाणी बांगडी.

साक्ष: नामा भोईर. निशाणी नांगर. हातात बोरीचे काटे मोडल्यामुळे नांगर वाकडा आला आहे, तो चालवून घ्यावा.