प्रॉम्प्टर रजेवर

४ नोव्हेंबर, दुपार
घरी आलो. हृदयाचे ठोके बिघडायचे, त्यावर इलाज झाला. कापाकापी नाही. जांघेतून नळी सरकवत आत गेले आणि ठोके बिघडवणारी जागा जाळून आले. आठवडाभर वजन उचलायचं नाही, दगदग नाही. मी मान डोलावली. चौदाच्या शनिवारी नाटकाचा प्रयोग आहे हे डॉक्टरांना सांगत बसलो नाही. प्रॉम्प्टरला कुठे वजन उचलायचं असतं? विंगेत स्टुलावर बसायचं आणि अडलेल्या नटाला वाक्य द्यायचं.

५ नोव्हेंबर
बायको सारखी विचारते, कसं वाटतंय. काहीच वाटत नाही. भिंतीकडे बघितलं की भिंत दिसते, बस. मी म्हणालो, याला मनःशांती म्हणतात. ती म्हणाली, याला गुंगी म्हणतात.
संकल्प: रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
वारा फार होता. उद्यापासून.

७ नोव्हेंबर
जांघ काळीनिळी. फेऱ्या नाहीत. जखमेचा अपमान नको.
एक गंभीर शंका. नट अडला की माझ्या छातीत फडफड व्हायची, आणि नेमक्या त्या क्षणी मी वाक्य द्यायचो. इतकी वर्षं हेच माझं तंत्र. बाकीचे प्रॉम्प्टर नटाच्या तोंडाकडे बघत बसतात. डॉक्टरांनी तीच जागा जाळली असेल तर? फोन केला. ते म्हणाले, अहो, तो आजार होता. नाटकातलं त्यांना काय कळणार.

९ नोव्हेंबर
दिग्दर्शकाचा फोन. शनिवारचा प्रयोग माझ्याशिवाय करताहेत. पुढे ढकला म्हणालो, तर तिकिटं खपलीत म्हणे. मग तिसऱ्या अंकाची आठवण करून दिली. घर सोडून गेलेला मुलगा दारात येऊन उभा राहतो, आणि बापाने फक्त म्हणायचं असतं, जेवलास का. आमचा मुख्य नट, ज्याला सगळे राजे म्हणतात, तो तिथे दर प्रयोगाला विसरतो. दर प्रयोगाला. मी दिलं की बोलतो. दिग्दर्शक म्हणाला, बघू, तुम्ही आराम करा. आवाजावरून घाबरलेला वाटला.

११ नोव्हेंबर
सराव. बायकोला म्हटलं, बोलता बोलता मधेच थांब, मला फडफड होते का बघायचंय. ती म्हणाली, या घरात माझं वाक्य मी कधी संपवलंय? तुम्हीच संपवता. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.
फडफड झाली नाही. विश्रांतीमुळे असणार.

१३ नोव्हेंबर
खुर्चीत बसून नाटक बघायला डॉक्टरांची हरकत नाही. बेत असा: पुढच्या रांगेत कडेला बसायचं. राजे अडले की तिथूनच हळू आवाजात द्यायचं. प्रेक्षकांना पत्ताही लागणार नाही.
गच्ची सोमवारपासून.

१५ नोव्हेंबर, सकाळ
काल प्रयोग झाला. शांतपणे लिहितो.
पहिले दोन अंक कुणी अडलं नाही. नशीब. तिसरा अंक. मुलगा दारात आला. राजे थांबले. आता अडले, म्हणून मी छातीकडे लक्ष दिलं. काही नाही. देऊ की नको, देऊ की नको, आणि तोंड काही उघडेना. तेवढ्यात मुलगा बूट काढायला वाकला आणि तसाच परत उभा राहिला. राजे त्याच्या पायांकडे बघत होते. अख्ख्या नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग राजे म्हणाले, जेवलास का.
शेजारची बाई रडायला लागली. आमचीही.
रिक्षात बायको म्हणाली, इतक्यांदा हे नाटक पाहिलं, ही जागा आजच पहिल्यांदा कळली. मी म्हणालो, पुढे बसलो होतो ना, म्हणून.
राजेंना ऐनवेळी आठवलं हे बरं झालं. दर वेळी आठवेलच असं नाही. कुणीतरी विंगेत हवंच.

१९ नोव्हेंबर
राजे घरी आले. सफरचंदं आणली. तब्येतीची चौकशी केली, माझ्या चेहऱ्यावर तेज आलंय म्हणाले. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून तालमीला येतो. ते म्हणाले, घाई नको. म्हटलं, घाई कसली, स्टुलावर तर बसायचंय. तेव्हा ते सफरचंदांच्या पिशवीकडे बघत म्हणाले की विंगेत फार उकडायचं, स्टूल काढून तिथे उभा पंखा ठेवलाय. छान वारा येतो म्हणे.
मी म्हटलं, बरं केलंत.
निघताना त्यांनी पुढच्या प्रयोगाचे दोन पास हातात ठेवले. मधल्या खुर्च्या. आता प्रत्येक प्रयोगाचे पाठवणार आहेत. दारातून वळून त्यांनी माझा खांदा जरा जास्तच वेळ धरला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. मी वाट बघितली. ते तसेच जिना उतरले.
ते कधीच विसरले नव्हते. एकदाही नाही. इतकी वर्षं ते थांबायचे आणि मी थांबू द्यायचो नाही, आणि त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. फार वाईट वाटलं.
बायकोने पास उलटसुलट करून बघितले. म्हणाली, जागा चांगल्या आहेत, जाऊया. मी बरं म्हणालो.