माझ्या रक्ताच्या अकरा नळ्यांबाबत

मी मुंजाजी सखाराम देवकते, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी बीडच्या धान्याच्या मोंढ्यात हमाली, आता रिकामा, राहणार लिंबागणेश, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायला तरी घरात कोणी असावे लागते. पत्नी भामाबाई वारून सहा वर्षे झाली.

एक. दोन खोल्यांचे घर, वरचे माळवद आणि पतपेढीत असेल ते, सगळे मुलगा लखन यास मिळावे. तो चाकणला कंपनीत आहे. पोळ्याला आणि दिवाळीला त्याचा फोन येतो. "अण्णा, बरं हाय ना?" "हाय." "मग ठिवतो." पोरगा वाईट नाही, पण माझ्याशी काय बोलावे हे त्याला कळत नाही आणि मलाही सुचत नाही. घर विकायचे असेल तर त्याने खुशाल विकावे.

दोन. पोती ओढायचा माझा लोखंडी हूक बंकट हमालास द्यावा. नऊ वर्षांपूर्वी मोंढ्यात चार लोकांत तो म्हणाला होता, "मुंजा, आता तुझ्याच्यानं चहाची किटली बी उचलत न्हाई बे." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तो खरे बोलला होता, म्हणूनच बोललो नाही. हूक देताना त्याला एवढे सांगावे.

तीन. हे कलम लिहायचे म्हणूनच वरची दोन लिहिली.

गेवराईच्या प्रियदर्शनीबाई छत्रपती संभाजीनगरच्या एका संस्थेत पीएचडीच्या प्रबंधासाठी संशोधन करतात. दोन वर्षांपूर्वी कष्टाची कामे केलेल्या साठ म्हाताऱ्यांचे रक्त तपासायला त्यांनी घेतले, त्यात मी एक. स्नायू झिजले किंवा ताणले की मायक्रो-आरएनए नावाचे बारीक कण रक्तात उतरतात, असे त्यांनी सांगितले. गोणीवरची चिठ्ठी बघून माल कोणत्या आडतीचा ते आम्हाला कळायचे, तसे या कणांवरून स्नायूंचे हाल त्यांना कळतात. मांसाचा तुकडा काढायला नको, नुसत्या सुईवर भागावे, यासाठी त्यांची धडपड.

त्यांनी एकच अट घातली होती. "मामा, दोन दिवस जड काई उचलू नका बरं. उचललं की हे कण वाढतेत, मग मला खोटंच दिसतंय."

"न्हाई बाई, कशाला उचलू!"

आणि रक्त द्यायच्या दिवशी सकाळी, त्या यायच्या आत, ज्वारीचा अर्धा कट्टा पाठीवर घेऊन मी माळवदाचा जिना वीसदा चढलो-उतरलो होतो. अंग तापले की रक्तही जोरदार निघेल आणि निदान कागदावर तरी मी धट्टाकट्टा दिसेन, असा माझा हिशेब. बंकटचे बोल डोक्यातून गेले नव्हते. झाले उलटेच. साठ जणांत माझेच कण सगळ्यात जास्त निघाले आणि बाई घाबरून परत आल्या.

"मामा, तुमच्या अंगात काईतरी झिजतंय. पण मी हाय ना, बघू आपण." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

तेव्हाच तोंड उघडायचे होते. नाही उघडले. त्या दिवशी त्या दोन तास बसल्या, मी केलेला चहा प्यायल्या, भिंतीवरचा फोटो बघून भामाबाई कशी होती ते विचारले. ती गेल्यापासून तिच्याबद्दल मला कोणीच विचारले नव्हते. मग मी दर खेपेला कट्टा उचलू लागलो. ठरलेल्या भेटी चार, झाल्या अकरा. नस शोधायला त्या माझा हात हातात घेतात. दुसरे कोणी घेत नाही. एवढ्यासाठी लबाडी केली हे लिहायला लाज वाटते, पण तेच खरे आहे. शेवटच्या खेपेला आठच चढउतार झाले, मग पायरीवरच बसलो.

गेल्या महिन्यात बाई हसत आल्या. "मामा, तुमच्यामुळं नवीनच गोष्ट सापडली बगा. तुमच्या एकट्यावर एक प्रकरण लिहिलंय." त्यांच्या पाच वर्षांच्या मेहनतीत मी खोटे मिसळले आहे. उद्या जाणकार माणसे ते तपासतील आणि नाव त्यांचे खराब होईल, माझे नाही.

तरी जाहीर करतो की माझ्या अकराही नळ्या प्रबंधात धरू नयेत आणि ते प्रकरण काढून टाकावे. बाईंनी दर वेळी विचारले, मी दर वेळी खोटे सांगितले. दोष सर्वस्वी माझा.

चार. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, असे वकीलसाहेब म्हणतात. पण प्रबंध तीस तारखेला द्यायचा आहे आणि तोवर मी मरेन याचा भरवसा नाही. म्हणून तिसरे कलम आजपासूनच लागू धरावे. याची एक प्रत आज स्पीड पोस्टाने बाईंना पाठवत आहे. तोंडाने सांगायला गेलो तर त्या समोर बसल्यावर माझ्याने होणार नाही.

पाच. आज पाच दिवस झाले, मी काही उचललेले नाही. पाण्याची घागरसुद्धा शेजारचे आप्पाराव भरून देतात. खरे रक्त तयार आहे, लागणार असेल तर न्यावे. त्यासाठी बाईंनी स्वतः यावे असे नाही. दुसऱ्या कोणाला पाठवले, तरी मी हात पुढे करीन.

वरचा मजकूर मी स्वतः दोनदा वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

मुंजाजी सखाराम देवकते (सही)

साक्षीदार:
आप्पाराव नारायण वायभट, शेजारी (सही)
धर्मराज किसन निर्मळ, लिंबागणेश (सही)

ठिकाण: लिंबागणेश
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५