आंबवणाची बरणी

वळ, गुरुवार

प्रिय क्षितू,

आधी घाबरू नको, घरात सगळी बरी आहेत. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर "लेक्चर आहे" म्हणून ठेवतेस, म्हणून हा कागद. दिनेश गोडाऊनचा टेम्पो घेऊन दुपारी पुण्याला निघतोय, त्याच्या हाती देते. सोबत डबा आहे. म्हणजे असेल. डबा अजून भरायचाय, कारण पीठ अजून फुगतंय. फुगतंय का नाही, तेच कळत नाही. थांब, बघून येते.

आले. जरासं हललंय. रविवारी सकाळी हेच करायचंय, आज नुसती तालीम. रविवारी तुझ्या आईचं लग्न. बघ, लिहून टाकलं. तुला हा शब्द आवडत नाही, पण दुसरा मला येत नाही, मी दुसरी शिकलेली बाई.

लग्न आपल्याच ओट्यावर आहे. बँड नको, जेवणावळ नको, असं नवरीच म्हणाली, आपली निशा. मी म्हटलं, अगो, आलेल्या माणसाला चहासंगती काय तरी देशील का न्हाय? तर खाली मान घालून पातेली पुसत म्हणाली, क्षितूचे ते दालचिनीचे रोल असले की मला बस्स. एवढं बोलून आत गेली. तुझा बाप गेल्यापासून नऊ वर्षांत त्या बाईने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, आणि मागून मागितलं काय, तर रोल. मी म्हातारी असले तरी बहिरी नाही. तुझं नाव मी ऐकलं. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. मध्येच उठते, झाडलेलं अंगण परत झाडते. बायजाबाई कुंपणावरून बघत असते, तिला ह्या दिवसांत दुसरा उद्योग नाही. म्हणते, काय गो राहीबाय, सुनंला उजवतंस? आता तू सासू का करवली? मी म्हटलं, नवरीची आय हाय मी, आहेर काय आणतंस ते बोल. तेव्हापासून बोलत नाही. येईल बरोबर, खाण्यासाठी येईल.

तुझी ती रोलचं पीठ फुगवायच्या आंबवणाची बरणी जिवंत आहे, हे आधी सांगायला हवं होतं. दसऱ्याच्या सुट्टीत तू ती आणलीस, आणि रोज थोडं काढून नवा मैदा नि पाणी घाल म्हणालीस, तेव्हा मला वाटलं दारात आणखी एक म्हैस बांधली. तू गेल्यावर मी इमानाने घातलं. मग मैदा संपला. आता आपल्या घरात पीठ म्हणजे तांदळाचं, भाकरीचं. मी तेच घातलं. ते बी फसफसलं गो, छान आंबलं, मी खूश. त्याचे रोल करायला घेतले तर लाटताना भेगा, वळताना तुकडे. भाकरीला कोणी गुंडाळी करतं का? शेवटी थापून तव्यावर टाकले. त्यात दालचिनी नि गूळ. बायजाबाई हुंगून म्हणाली, मटनात टाकायची दालचिनी गोडात टाकलीस, तुझा जीव बरा हाय ना?

पण अनंताने, आपल्या नवरदेवाने, खाल्ले. तू त्याला एकदाच बघितलंस, तेही खोलीचं दार लावून घेताना. वडप्याच्या काट्यावर असतो, ट्रकांचं वजन करतो, निशाच्या ऑफिसाच्या खालीच. तोही एकटाच. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूल पण राहिलं नाही. त्या दिवशी तो निशाचं काही सामान द्यायला आला होता, मी बशीत ते तुकडे दिले. गप बसून सगळे खाल्लेन् आणि मग म्हणतो, आई, चांगलं होतं, पण काय होतं? निशा आत हसली. पदर तोंडावर धरून, मोरीत जाऊन हसली. मला वाटलं पाणी सांडलं की काय. एवढा आवाज आपल्या घरात झाला नव्हता ना. त्याच दिवशी मी ठरवलं, हे लग्न मी लावणार. तर बघ, तुझं आंबवण बिघडलं म्हणून सगळं जुळलं, आता कोणाला बोल लावतेस?

थांब, परत बघून येते.

आता भिवंडीत भट्टीच्या बाकड्यावर बसून लिहितेय, म्हणून अक्षर असं. पीठ फुगलं एकदाचं. लाटलं, लोणी-साखर-दालचिनी पसरली, वळलं, दोऱ्याने कापलं, तू कापायचीस तसं. परात मांडीवर घेऊन रिक्षात बसले, आणि तो रिक्षावाला एकेक खड्डा शोधून त्यात घालतोय. मी म्हटलं, भाऊ, धीरे, गोद में बच्चा है. त्याने मागे वळून परातीत बघितलं नि पुढे नीट चालवली. दिवाळीची नानकटाई आपण भाजून आणतो तीच ही भट्टी. समोर कापडाच्या लूमचा खडखडाट, माझं मलाच ऐकू येत नाही. भट्टीवाला चाचा म्हणतो, अम्मा, ये कैसी नानकटाई है, साँप के माफिक कुंडली मार के बैठी है? मी म्हटलं, मेरी बेटी की शादी का है. तो म्हणाला, आपको बेटी कब हुई? मी म्हटलं, अब्बी हुई.

पण मग चाचा आत गेला आणि मला तू आठवलीस. लग्नाचं कळून तू परत निघालीस, त्या दिवशी पिशवी भरताना विचारलंस, आजी, पप्पा तुझाच मुलगा होता ना? मी लसूण सोलत राहिले. केसरीनाथ माझाच होता. हायवेवरून त्याला आणला तेव्हा लोक मला धरत होते, आणि मी तुझ्या आईला धरलं होतं. केवढीशी होती ती, तेव्हाची ती आज तुझी मैत्रीण शोभली असती. तेव्हा धरलेली मी अजून सोडली नाही. मला पोरगी नव्हती क्षितू. वरमाय म्हणून मिरवले, नवरीची आई व्हायचं राहिलं होतं. आणि तुला वाटतं तुझ्या बापाला घरातून काढतायत. आता थंडी पडली, बरणी गारठून बसली, फुगेना. मी घोंगडीत गुंडाळत होते. तुझ्या आईने ट्रंक उघडली, केसरीचा तो तपकिरी स्वेटर काढला, एकदा तोंडाला लावला, आणि बरणीला घातला. बाह्या मागे बांधल्यान्. रविवारच्या रोलांना तुझ्या बापाची ऊब लागलीय, हे मी अनंतालाही सांगितलं. तो म्हणाला, मग बरं. जुन्यातलं थोडं ठेवायचं, त्यात रोज नवं घालायचं, न्हायतर मरतं, हे मला तूच शिकवून गेलीस. मी दुसरीपुढे शाळेत गेले नाही, पण शिकवलेलं विसरत नाही.

आले बाहेर! लाल झालेत, वास रस्त्यापर्यंत गेलाय, लूमवरची पोरं ड्युटी टाकून दारात उभी. एक मी चाचाला दिला, तो बोटं चाटतोय. खालून थोडे करपलेत आणि मधले कच्चे वाटतात. तू केलेस तसे नाहीत. खरंच नाहीत, तुला बोलवायला म्हणून लिहीत नाही. दिनेश भट्टीसमोर टेम्पो लावून हॉर्न मारतोय, मारू दे.

आता का लिहिलं ते सांगते. डब्यातले खा, आणि काय चुकलं ते येऊन सांग. शनिवारी सकाळी दिनेश परत निघेल, तुझ्या होस्टेलच्या गेटवर थांबेल. त्या दिवशी निघताना तू बरणी मागितलीस, आणि मी म्हटलं, दिवे लागले, आता दही, मीठ, आंबवण काही घराबाहेर जायचं नाही, बरकत जाते. पण दिवा मी मुद्दाम लवकर लावला, तेव्हा ऊन ओट्यावर होतं क्षितू. बायजाबाईच्या मिरच्या अजून अंगणात वाळत होत्या. तू दिव्याकडे बघितलंस, मग उन्हाकडे बघितलंस. मी म्हटलं, आता ओरडेल. तू बरणी परत फळीवर ठेवलीस, आणि जाता जाता तिचं झाकण जरा सैल केलंस, तिला श्वास घ्यायला. तेवढ्या सैल झाकणाच्या भरवशावर मी रविवारचा मैदा आणून ठेवलाय.

ओट्यावर तुझी वाट बघत, तुझीच, बरणीची राखणदारीण

आजी