केशवचा बुखारा

॥ श्री मारुती प्रसन्न ॥
अल्लीपूर, भाद्रपद, १९५४

चिरंजीव केशव यास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. तुझी प्रकृती ठणठणीत आहे हे आता ठाऊक असूनही विचारतो, कशी आहे? (असे का विचारतो ते पुढे कळेल.) आई, तुझी वहिनी आणि दोन्ही बैल खुशाल आहेत.

गेल्या सोमवारी आपले शेजारी रूपराव मेहुण्याला गाडीत बसवायला हिंगणघाट स्टेशनावर गेले होते. त्याच गाडीने तुझे सिमल्याचे स्नेही ओमप्रकाश मद्रासकडे चालले होते. गाडी थांबताच ते खिडकीतून ओरडले, "अल्लीपूरका कोई है?" रूपराव पुढे झाले. ओमप्रकाश म्हणाले, "केशवबाबूका आलूबुखारा आ रहा है, कल की गाडी से. सम्हालके उतारना, बहुत नरम है." तेवढ्यात इंजिनाने शिट्टी दिली. शिट्टीत किती अक्षरे वाहून गेली देव जाणे, पण रूपराव धापा टाकत घरी आले ते हे घेऊन : "भाऊ, केशवले बुखार आला! उद्याच्या गाडीनं येऊन राह्यला. भल्ला नरम आहे म्हणे, धरून उतरवजा!" (आपल्याकडे नरम होते ती माणसाची तब्येत, फळ नव्हे. त्यात रूपरावांचा दोष नाही.)

आईने भाकर तव्यावरच सोडली. मी मारुतीपुढे जाऊन उभा राहिलो. देवाला मी सहसा काही मागत नाही. त्याच्यामागे गावाची कामे पुष्कळ. पण त्या दिवशी बोललो, माझा केशव सुखरूप असू दे, मला सर्वांत प्रिय असलेली वस्तू सोडीन.

दुसऱ्या दिवशी बैल जुंपून दमणीत गादी, उशी, कांबळे आणि बापूराव वैद्य घालून निघालो. हाकायला रूपराव. आईने ऐकले नाही, तीही आली. गाडी आली, आम्ही डब्याडब्यांत डोकावलो, गाडी गेली. तू नव्हतास. आई फलाटावर मटकन बसली. तोच पार्सलबाबूंनी हाक मारली, "अल्लीपूरवाले, हा घ्या तुमचा केशव!" आणि तुझे नाव लिहिलेली हातभर लाकडी पेटी पुढे केली. त्या क्षणी काय वाटले ते लिहीत नाही.

झाकण रूपरावांनी उचकटले. आत काळे, सुरकुतलेले, चिकट असे काही, आणि तुझी चिठ्ठी : हे आलुबुखारे, घरमालकाच्या बागेतली जांभळी फळे, झाडावरच पुरती पिकलेली, तू स्वतः उन्हात वाळवलेली, तिथल्या हॉटेलांत ती पाकात शिजवून बड्या लोकांपुढे एकेक ठेवतात. आई हसली, मग रडली, मग रूपरावांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "बुखारा होय लेका, बुखार नाई!"

बापूरावांनी हे हिरडेच आहेत असे सांगितले आणि खात्रीसाठी एक तोंडात टाकला. अर्ध्या वाटेपर्यंत ते खात्रीच करत होते. उरलेल्या वाटेत त्यांनी दोनदा दमणी थांबवून लोटा मागितला. मीही खाल्ले. आधी आंबट, मग गोड, आणि मग काकवीच्या धारेसारखी लांबत जाणारी चव. बडे लोक उगीच बडे झाले नाहीत. शिवाय माझी जुनी तक्रार तुला ठाऊक आहेच (थोरल्याने धाकट्याला लिहू नये), ती मिटली. आता सकाळची पूजा स्थिर चित्ताने होते.

तुझा,
नरहर

ता. क. नवसाचे असे झाले आहे. बोललो तेव्हा सर्वांत प्रिय वस्तू चहा होती. आता ती आलुबुखारा असावी अशी शंका येते. देवाला फसवायचे नाही, म्हणून निर्णय होईपर्यंत दोन्ही चालू ठेवले आहेत. पेटी संपली. निर्णयासाठी दुसरी लागेल.

पुन्हा ता. क. वरचे आईला वाचून दाखवले. तुझ्यासाठी नेलेली गादी तिने अजून गुंडाळू दिलेली नाही. म्हणते, "पेटीचं राहू दे. त्याले लिही, दिवाळीले येजो. अन् या खेपेले गाडीतून तूच उतरजो."