तेरा दिवसांचे गव्हर्नर

आप्पा, परवा तुमची नात गव्हर्नरांना भेटली. तुम्ही असता तर पहिला प्रश्न आला असता, "येणाऱ्या की जाणाऱ्या?" जाणाऱ्या. बाई आहेत. अमेरिकेतल्या आपल्या जिल्ह्याएवढ्या या राज्यात पुन्हा तसंच झालं, तुम्ही इथे होतात त्या हिवाळ्यासारखं. निवडून आलेले गव्हर्नर मुदत संपायच्या आतच वॉशिंग्टनला वरच्या पदावर गेले, उरलेल्या दिवसांपुरत्या उपगव्हर्नर खुर्चीत बसल्या, आणि आता नवे शपथ घेतील. तुमच्या वेळी ते उरलेले दिवस तेरा होते. रोज सकाळी चहाच्या वेळी तुम्ही त्यातून एकेक दिवस कमी करून सांगायचात, त्यामुळे तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

तुमची नात तेव्हा वर्षाची होती आणि तुम्ही दोघं तिला सांभाळायला आला होतात. आई तिच्यात आणि स्वयंपाकात रमली, तुम्हाला मात्र करमेना. मग मी ऑफिसला जाताना तुम्हाला लायब्ररीत सोडायला लागले. तिथे तुम्ही राज्याच्या इतिहासाचं पुस्तक काढून पहिल्यापासूनचे सगळे गव्हर्नर वहीत उतरवलेत. कोण निवडून आला, कोण गेल्यावर त्याच्या जागी कोण बसला, कुणी मधेच खुर्ची सोडली. "आप्पा, इथल्या लोकांनासुद्धा ही नावं माहीत नाहीत," मी म्हणायचे. "मग कुणाला तरी माहीत असायला नकोत का?" तुम्ही म्हणायचात. ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत माझ्या मॅनेजरने सहज विचारलं, कसं वाटतंय इथे, आणि तुम्ही हातात ज्यूसचा ग्लास धरून त्याला सगळी यादी क्रमाने म्हणून दाखवलीत, शाळेत पाढे म्हणतात तशी. तो कौतुकाने ऐकत होता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ही इज जेट-लॅग्ड," मी म्हणाले. तुम्हाला येऊन तीन महिने झाले होते, आणि तुम्हाला इंग्रजी चांगलं कळत होतं. तुम्ही ग्लास टेबलावर ठेवलात आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात.

तरी तुम्ही जानेवारीत ते काढलंतच. तेरा दिवसांचे ते गव्हर्नर आता घरी जाणार, त्यांना निरोप कोण देणार? तुमच्या शाळेतून शिपाई गेला काय आणि साहेब गेला काय, शाल-श्रीफळ आणि दोन शब्द झाल्याशिवाय तुम्ही कुणाला फाटकाबाहेर पाठवलं नाहीत. बदली होऊन जेमतेम महिनाभर टिकलेल्या त्या चित्रकलेच्या बाईंचासुद्धा तुम्ही निरोप समारंभ केला होतात. "नव्याला हार घालायला सगळे धावतील, पण या माणसाचा कुणी विचार केलाय का? तू फक्त फोन करून वेळ घे. पाच मिनिटं पुरेत." शाल होतीच. माझ्या मॅनेजरसाठी तुम्ही आणलेली, आणि मी "इथे असलं काही चालत नाही" म्हणून कपाटात ठेवायला लावलेली. नारळ तुम्ही माझ्या नवऱ्याला इंडियन स्टोअरमध्ये पिटाळून आणवलात. दोन शब्द इंग्रजीत लिहून काढलेत आणि आईला समोर बसवून म्हणून दाखवलेत. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती शेवटी टाळ्या वाजवायची.

मी फोन केला नाही, आप्पा. विसरले असं नाही, वेळ नव्हता असंही नाही. लंचला गाडीत बसले, नंबर काढला, आणि मला डोळ्यांसमोर दिसलात तुम्ही: कानटोपी, माझ्या नवऱ्याचं ढगळ जॅकेट, हातात नारळ, आणि भोवती सूटबूट घातलेली माणसं एकमेकांकडे बघतायत. मी नंबर लावलाच नाही. संध्याकाळी घरी आले तर तुम्ही इस्त्रीची पँट घालून सोफ्यावर बसला होतात, लगेच निघायचं असल्यासारखे. मी म्हटलं, "केला फोन. सिक्युरिटीमुळे नाही जमणार म्हणाले. पण त्यांनी तुमचे मनापासून आभार मानलेत." तुम्ही विचारलंत, "नाव सांगितलंस माझं? मुख्याध्यापक होते म्हणून सांगितलंस?" मी म्हटलं, "हो, सगळं सांगितलं." तुमचा चेहरा असा उजळला! "बघ," तुम्ही आईला म्हणालात, "नाही म्हणतानाही किती अदबीने म्हणाले." आणि आत जाऊन पँट बदललीत.

तिथे गावी जाऊन तुम्ही ते किती जणांना सांगितलं होतंत हे मला तुमच्या शोकसभेत कळलं. तुमच्याबरोबर गणित शिकवणारे सर उठले आणि म्हणाले, आमच्या हेडमास्तरांना अमेरिकेतल्या राज्यपालांनी स्वतः दिलगिरी कळवली होती. 'स्वतः' हा शब्द तुमचा की त्यांचा, देव जाणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, डोळ्यांना पदर लावून. लोकांना वाटलं मी रडतेय. मला तोंड लपवायचं होतं.

तुमच्या नातीला मी तीच गोष्ट सांगत आले. आजोबांना गव्हर्नरांना भेटायचं होतं, त्यांच्या ऑफिसने नाही म्हटलं. ती आता सतरा वर्षांची आहे, तुमच्यासारखीच हट्टी. या वेळी बातमी आली तशी तिने मला न विचारता फोन लावला. "आई, दोन मिनिटं लागली. यू जस्ट कॉल देम. गुरुवारी तीनला या म्हणाले." गेलो. दारातल्या गार्डने अंगठ्याने जिना दाखवला, बस्स, एवढीच काय ती सिक्युरिटी. गव्हर्नरबाई स्वेटर घालून स्वतःच खोक्यांत पुस्तकं भरत होत्या. पोरीने हात मिळवला आणि सरळ सांगून टाकलं: माझ्या आजोबांना इथे एका गव्हर्नरांना निरोप द्यायला यायचं होतं, तुमच्या ऑफिसने त्यांना नाही म्हटलं. बाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. कोणते गव्हर्नर, कोणतं वर्ष, विचारलं. मग म्हणाल्या, "मी तेव्हा इथेच नोकरीला लागले होते. त्या तेरा दिवसांत फोन मीच घ्यायचे. फोन फारसे यायचेच नाहीत. साहेब दुपारी माझ्याच टेबलाशी बसून सँडविच खायचे, कुणी आलं असतं तर त्यांना केवढा आनंद झाला असता. तो फोन मला आठवत नाहीये, पण नाही म्हणणारी मीच असणार." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आय ॲम सो सॉरी. तुमच्या वडिलांची मी माफी मागते."

आप्पा, त्या क्षणी मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "इट्स ओके." मी त्यांना माफ केलं, आप्पा! कधीच न आलेल्या फोनसाठी. परत येताना गाडीत पोरगी म्हणाली, "ॲट लीस्ट शी ओन्ड इट. चूक कबूल तरी केली." मी वायपर सुरू केले.

लाज कशाची वाटते ते नीट सांगते. मी खोटं बोलले त्याची वाटतेच. पण त्याआधी, गाडीत नंबर समोर धरून बसले होते तेव्हा, मला तुमची लाज वाटली होती. ज्या माणसाला आयुष्यात कधी कुणाची लाज वाटली नाही, त्याची मला वाटली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला सांगायला बसले, कारण तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. जिला हे वाचून खरं कळेल ती पलीकडच्या खोलीत अभ्यास करतेय, दार उघडंच आहे. मघाशी तिने हाक मारून विचारलं, आई, काय लिहितेयस? मी म्हटलं, काही नाही, ऑफिसचं काम.