सरस वाळेपर्यंत

रविवार, सकाळ

प्रिय धाकटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. सासूबाईंचे गुडघे काय म्हणतात? थोरल्याचा दात पडला की अजून लोंबतोय? छोटीचा खोकला? आणि तू वेळेवर जेवतेस ना? तुझ्या नवऱ्याचं विचारत नाही, कारण ते माझ्यासमोरच बसून खुर्ची घासतायत.

रात्रीच्या गाडीवर जागं राहायला म्हणून घेतलेली ती पूड शेवटी त्यांच्याच मानगुटीवर बसली, हे तुला मी काय सांगू! आता डॉक्टरबाईंच्या नव्या गोळ्या चालू आहेत. बाई विचारतातही गंमतच. "आज एक चॉकलेट हवं, की महिन्याने चार?" पहिल्या खेपेला ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आजचंच द्या. महिन्याने तुम्ही ओळख दाखवाल कशावरून?" आता चार म्हणतात.

मी फुशारलो, तर बाई म्हणाल्या, "काका, हुरळून जाऊ नका. या गोळ्या सगळ्यांना लागू पडतातच असं नाही. पडल्या, तरी मनात येणं आणि हात जाणं यांच्यात जराशी फट पाडतात, एवढंच. त्या फटीत काय करायचं, ते त्यांचं त्यांनी."

बाकी दुकान बरं चाललंय. पॉलिश महागलं. मांजरीने भुशात पिल्लं घातली.

असो, उगाच पाल्हाळ लावतोय. शुक्रवारी त्यांचा तो जुना दोस्त दुकानात आला. खिशातल्या पुडीवर थाप मारत म्हणाला, "चल रे, पाचच मिनिटं." लाकूड आवळायचे शिकंजे कमी पडले की सरस वाळेपर्यंत सांधा हातांनीच दाबून धरायचा, ही आपल्या दुकानाची रीत. साहेब खुर्चीचा पाय धरून बसले होते. कपाळावर घाम, पकड नको तितकी घट्ट.

"सरस ओला आहे," म्हणाले.

"सोड की! लाकूड काय पळून जातंय?"

"लाकूड नाही जात. मी जाईन."

तो घुटमळला, दोन टोमणे मारले आणि कंटाळून गेला. पाय जरा तिरका बसलाय. बसू दे.

मी लगेच चपला घातल्या. "चला, आत्ताच घरी जाऊ, धाकटीला सांगू!" तर उलट मलाच म्हणाले, "दादा, गोळ्या मी खातोय की तुम्ही? मागच्या वेळी दार उघडून ती पस्तावली. आधी तिला विचारा. नाही म्हणाली, तर नाही."

म्हणून विचारतो, येऊ देतेस का त्यांना? निर्णय सावकाश घे, माझी भीड धरू नकोस. पत्र मात्र लगेच धाड. मला कसल्याच गोळ्या चालू नाहीत.

तुझा उतावळा
दादा