रामाच्या आईचा पिवळा चेहरा

नाना, सातवीत शाळा सुटलेला मी तुम्हाला लॅटिनमधलं काही सांगायला बसलोय. हसाल, तरी ऐका.

नात केंब्रिजहून सुट्टीला क्रॉयडनला आली आहे. काल किचनमध्ये ती एक जुनी लॅटिन कविता वाचत होती, चर्चमधल्या एका चित्रावरची. चित्र कधीच नष्ट झालं, कविता तेवढी उरली. मेलेल्या येशूजवळ त्याची आई उभी आहे. "तिचा चेहरा पांढरा पडलाय, आजोबा." मी विचारलं, पांढरा म्हणजे कसा, चुन्यासारखा की पेजेसारखा? चित्रच नाही म्हटल्यावर रंग शब्दातच शोधायला हवा ना! "ओ गॉड आजोबा, इट्स जस्ट पेल!" चिडली वाटतं. म्हटलं राहू दे बाई, माझ्यापायी तुझा अभ्यास बुडायचा. पण तिनं डिक्शनरी उघडली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. "वेट. हा वर्ड पिवळ्याला पण वापरायचे. केशराला, लाकडाला. म्हणजे दुःखाने माणूस पिवळा पडतो, असं." मी तिला तीनदा पुन्हा बघायला लावलं. चूक नको.

तेव्हापासून आपण बापलेक रंगवत होतो त्या मिरजेच्या देवळाची भिंत डोळ्यांपुढून हलत नाही. राम वनवासाला निघालाय, आई दारात उभी. पहिल्यांदाच तुम्ही मला चेहरा भरायला दिलाय आणि मी त्यात पिवळा घातलाय. तुम्ही शिडीवरून उतरता, बघता, आणि पुजाऱ्यांदेखत म्हणता, "रामाची आई आहे की कावीळ झालेली बाई? देवादिकांचे चेहरे गुलाबी असतात, गाढवा!" आणि फडक्यानं पुसून टाकता. गुलाबी संपला होता, असं मी पुटपुटलो. त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. इथं येऊन जन्मभर बस धुतल्या, आणि मनात एकच, की तेव्हा माझं खरंच चुकलं होतं का? त्या चर्चमधल्या चित्रकारालाही कुणी असंच झापलं असेल का हो?

हे पत्र चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवतो. नातीच्या हाती लागलं तर काय, ही धास्ती आहेच. पण एक सांगायचं राहिलं होतं. गुलाबीचा डबा भरलेला होता, नाना. आई गेली त्या सकाळी तुम्ही दारात उभे होतात. तो पिवळा मी तुमच्या चेहऱ्यावरून घेतला होता.